मलिक अंबरचं चित्र भिंतीवर काढण्याआधी

भिंतीवरचं चित्र पुस्तकासारखं नसतं. पुस्तक नको असलं तर माणूस ते मिटून ठेवतो. भिंत मिटता येत नाही. सकाळच्या लोकलसाठी पळणारा, रेशनच्या रांगेतली बाई, शाळेत निघालेलं पोर, रात्री झोकांड्या खात परतणारा, सगळ्यांच्या डोळ्यांत ती शिरते आणि वर्षानुवर्षं शिरत राहते. म्हणून भिंतीवरच्या चित्राची झडती कवितेच्या झडतीपेक्षा कडक पाहिजे. आपल्याकडे उलटं चालतं. चार ओळींच्या कवितेवर आपण तीन रात्री भांडतो आणि शंभर फुटी चित्राला ‘जयभीम, छान झालंय’ म्हणून मोकळे होतो.

भाईंदर पूर्वेला आपल्या वस्तीच्या कडेला एक लांब भिंत आहे. तिच्यावर काळ्या माणसांच्या इतिहासाचं मोठं चित्र काढायचं आपल्या मित्रांनी ठरवलंय. कल्पना झकास आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्यावर फुटीरपणाचा शिक्का मारायला नको. चित्रकारानं दिलेला कच्चा आराखडा मी दोनदा नीट पाहिला. डावीकडे झेप घेणारा काळा पँथर. त्याच्यामागं मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, मंडेला. मधोमध बाबासाहेब. उजव्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, पांढऱ्या घोड्यावर मलिक अंबर. छाती उघडी, दंड फुगलेले, मनगटातल्या साखळ्या तुटून उडतायत. खाली दोन फूट उंचीच्या अक्षरांत घोषणा.

हा आराखडा मला पटलेला नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांशी आपलं नातं उसनं आहे असं मी म्हणत नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवलं. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचा प्रश्नही तिकडं न्यायचा त्यांच्या मनात होतं. १९७२ ला मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी पँथर उभी केली, तिचं नावच ओकलंडच्या पँथरवरून घेतलेलं. हे सगळं भिंतीवर यायला माझी ना नाही. पण सातासमुद्रापलीकडचे तिघे पुढं आणि ज्यानं आपल्या महाराष्ट्राच्या मातीत शहर वसवलं तो उरलेल्या कोपऱ्यात, हा काय हिशेब झाला? आपल्याला काळा माणूस इंग्रजीतून आला तरच मोठा वाटतो की काय?

काळा माणूस या किनाऱ्यावर शेकडो वर्षं आहे. १५३४ च्या तहानं वसई आणि भोवतालची बेटं पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, त्यात आपली साष्टी पण आली. घोडबंदरचा किल्ला त्यांच्याच काळातला. मराठ्यांनी १७३९ ला वसई घेतली तोवर दोनशे वर्षं इथं फिरंग्यांचं राज्य. आणि फिरंगी जिथं गेला तिथं मोझांबिकहून पकडून आणलेला ‘काफ्री’ त्याच्या घरात, पालखीच्या दांडीखाली, गलबतावर होताच. घोडबंदरला आपली पोरं सेल्फी काढायला जातात. त्या दगडांना कुणाकुणाचे खांदे लागले असतील हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. खाली कारवारला काळी नदीच्या काठी खाप्री नावाचा देव आहे. तो आफ्रिकेतून आलेल्या माणसाचा देव झालाय. लोक त्याला सिगारेट आणि दारू वाहतात. माणूस जिवंत होता तोवर गुलाम आणि मेल्यावर देव. आपल्याकडचा हा जुना धंदा आहे, म्हसोबा-मरीआईच्या वाटेनं आलेल्या आपल्या लोकांना तो वेगळा सांगायला नको.

शाळेच्या पुस्तकात हबशी भेटतो तो फक्त खलनायक म्हणून. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर. जंजिऱ्यावर बसून दात दाखवणारा सिद्दी. मास्तर शिकवताना आवाज बदलतात, पोरं हसतात. त्याच पन्हाळ्याचा वेढा फोडायला महाराजांच्या बाजूनं नेताजी पालकरांबरोबर जो लढला त्याचंही नाव सिद्दी हिलाल होतं, आणि त्याचा पोरगा त्या लढाईत जायबंदी होऊन शत्रूच्या हाती लागला, हे पुस्तकात एका ओळीत येतं किंवा येतच नाही. मराठीत अजूनही काळ्या पोराला चिडवायचं असलं की ‘हबशी’ म्हणतात. आपल्याच वस्तीत म्हणतात. अंगाला काळा म्हणून मला लहानपणी जे नाव पडलं होतं ते हेच. तेव्हा मला हबशी म्हणजे राक्षस वाटायचा. हबश म्हणजे इथिओपिया आणि हबशी म्हणजे तिथला माणूस, हा अर्थ मला फार उशिरा, भंगारवाल्याकडून वजनावर आणलेल्या एका फाटक्या पुस्तकात सापडला.

आता मलिक अंबर. जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. पोरवयात विकला गेला. अरबस्तान, बगदाद करत करत हातोहात विकला जाऊन शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा चंगेजखान निजामशहाचा दिवाण होता, आणि तो स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. चंगेजखान मेल्यावर त्याच्या बायकोनं अंबरला मोकळं केलं असं सांगतात. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, निजामशाही संपली असं सगळे धरून चालले, तेव्हा ह्या माणसानं परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढं १६२६ ला मरेपर्यंत पाव शतक मोगलांना दख्खनमध्ये नीट पाय रोवू दिला नाही. १६२४ ला भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूर दोघांना एकत्र धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. जमिनीची प्रत बघून आणि पीक बघून सारा ठरवायची त्यानं बसवलेली पद्धत त्याच्या मागंही बराच काळ नावाजली गेली.

आपल्या चित्रकारानं त्याला साखळ्या घातल्या. का? कारण नेटवर ‘गुलाम’ शोधलं की अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यातलं चित्र निघतं. दख्खनमधला गुलाम वेगळा होता. तो विकला जायचा, त्याचं नाव, धर्म, आईबाप सगळं पुसलं जायचं, पण त्याच्या हातात तलवार दिली जायची. बेडीपेक्षा ही गोष्ट समजायला अवघड आहे. मालकाच्या हुकमानं मारायचं आणि मरायचं, आणि त्यातच हुशारीनं वर चढायचं. महार रेजिमेंटच्या, भीमा-कोरेगावच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गुंतागुंत समजायला हवी. ती बाजूला ठेवून तुटक्या साखळ्या काढल्या की चित्र सोपं होतं आणि खोटं होतं.

अंबरचं सगळ्यात गाजलेलं चित्र त्याच्या दुश्मनानं काढून घेतलेलं आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी अबुल हसन नावाचा मोठा चितारी होता. त्यानं १६१६ च्या सुमारास एक चित्र केलं, ते आज आयर्लंडच्या डब्लिनमध्ये चेस्टर बीटी संग्रहात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, धनुष्य ताणलेलं आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं. त्या मुंडक्याच्या तोंडात बाण घुसतोय. भोवती घुबड. रंग, सोनं, बारीक काम, सगळं बघत राहावं असं. आणि सगळं खोटं! अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. जहांगीर त्याच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नाही. जे रणांगणावर जमलं नाही ते कागदावर करून घेतलं, आणि त्यासाठी त्या काळातला सगळ्यात हुशार कलावंत पगारावर ठेवला होता.

मित्रहो, ‘चित्र काढून घेणं’ म्हणजे काय ते इथं दिसतं. पैसे कोण देतो त्याच्या मनातलं भिंतीवर येतं. जहांगीर आपल्या आठवणींतही अंबरचं नाव शिवी दिल्याशिवाय घेत नाही, शिवी कातडीवरूनच. पण अंबर मेला तेव्हा मोगलांच्याच दरबारातल्या मुतमदखानानं लिहून ठेवलं की लढाईत, हुकमतीत आणि अकलेत ह्या माणसाला जोड नव्हती. म्हणजे लेखणी कधीकधी कबूल करून जाते. जहांगीरच्या पैशानं काढलेलं चित्र मात्र काही कबूल करत नाही.

अंबरची दुसरीही चित्रं आहेत. हाशिम नावाच्या चिताऱ्यानं काढलेलं एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका बाजूनं दिसणारा, उभा, वयस्क, अंगानं जाड, पांढरा पातळ झगा घातलेला माणूस. रंग काळा, स्पष्ट काळा, चिताऱ्यानं कुठं लाजून पाणी मिसळलेलं नाही. चेहऱ्यावर थकवा आहे आणि हुकूम द्यायची सवय आहे. मी हे चित्र मोबाईलवर मोठं करकरून पाहिलं. आपल्या आराखड्यातला फुगलेल्या दंडांचा पैलवान आणि हा म्हातारा शेजारी ठेवा. खरा कुठला ते पोर पण सांगेल. मग आपण पैलवान का काढतोय? सिनेमाच्या पोस्टरला सवकलेल्या डोळ्यांना तोच इतिहास वाटतो म्हणून.

आणि रंग! आराखड्यात अंबर गव्हाळ आहे. चित्रकाराला विचारलं तर म्हणाला, फार काळा केला तर लोकांना चेहरा कळत नाही, उठाव येत नाही. शाळेच्या खडूंच्या पेटीत गुलाबी खडूला ‘स्किन कलर’ म्हणतात, ते डोक्यात इतकं बसलंय. बाबासाहेबांनाही आपल्या भिंतींवर, कॅलेंडरांवर गोरेपान, गुलाबी गालांचे करून ठेवलंय आणि आपण हार घालतो. काळ्यांच्या इतिहासाचं चित्र काढायचं आणि काळा रंगच पातळ करायचा, याच्याइतका विनोद दुसरा नाही. उठाव येत नाही ही कारागिरीची अडचण आहे. मागची पार्श्वभूमी फिकी ठेव, काळ्यात निळा आणि तांबडा मिसळून सावल्या काढ. दख्खनच्या जुन्या चिताऱ्यांना हे जमत होतं. विजापूरच्या एका चित्रात मुहम्मद आदिलशहा हत्तीवर बसलाय आणि त्याच्यामागं त्याचा हबशी वजीर इख्लासखान. चेहरा काळाभोर आणि एकेक रेघ वाचता येते.

आता जी गोष्ट ह्या आराखड्यात अजिबात नाही ती सांगतो. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी नावाचं गाव वसवलं, डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणलं. नहरे-अंबरी म्हणतात ती हीच. खडकीचं पुढं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद झालं, २०२३ ला छत्रपती संभाजीनगर झालं. नावं बदलत गेली, पण ज्यानं दगडावर दगड ठेवला त्याचं नाव कुठल्याच बदलात आलं नाही. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० ला मिलिंद कॉलेज काढलं. त्याच शहराच्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत मार खाल्ला, घरं जाळून घेतली, जीव दिले. पाटीवरच्या नावाची किंमत काय असते हे आपल्याइतकं कुणाला माहीत? आणि मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ ला अंबरनं जो भडकल दरवाजा बांधला, त्याच्याच जवळ आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. चौदा एप्रिलला हजारो लोक तिथं जमतात. हबशानं बांधलेली कमान आणि तिच्याशेजारी निळ्या सुटातले बाबासाहेब. हे चित्र कुणाला सुचवावं लागत नाही, ते तिथं उभंच आहे! आपल्या भिंतीवर मधोमध हेच पाहिजे होतं. त्याऐवजी आपण नेटवरून पँथर उतरवला.

एक मित्र म्हणाला, अंबर ठीक आहे, पण त्यानं स्वतः हबशी गुलाम विकत घेऊन फौज उभी केली, ते लपवायचं ना? जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत नवाबच होते. मी म्हणतो, लपवायचं नाही. भिंतीवर सगळं मावत नाही हे खरं, पण बाजूच्या पाटीवर दोन ओळी मावतात. आपण देव बनवायला निघालेलो नाही. शिकागोत १९६७ साली काळ्या कलावंतांनी एका पडक्या इमारतीवर ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. सरकारचा पैसा नाही, कुणा संस्थेचा हुकूम नाही. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही यावर त्यांच्यात कडाक्याची भांडणं झाली. किंग यांना त्यांनी घेतलंच नाही, माल्कमला घेतलं. एका चित्रकाराचा भाग पुढं पुसला गेला, त्यावरून मनं कायमची तुटली. १९७१ ला आग लागून ती इमारत गेली, भिंतही गेली. पण ती होती तोवर गल्लीतली माणसं तिची राखण करायची. ती भांडणंसुद्धा त्या भिंतीचा भाग होती. आपल्याकडे अजून एकही भांडण झालेलं नाही, ह्याची मला जास्त काळजी वाटते.

राजे-वजीर पुरे. मला भिंतीवर खलाशी पाहिजेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी, कोळसा टाकायला ‘सिद्दी’ असायचे. इंग्रजांच्या आरमारातही असायचे. उष्णता काळ्यांनाच सोसते असा गोऱ्यांचा शोध होता. मी रोलिंग मिलला भट्टीवर काम करतो. स्टीलची पट्टी लाल होऊन बाहेर येते तेव्हा समोरच्या माणसाची जात दिसत नाही, असं म्हणायची कवींची पद्धत आहे. साफ खोटं. भट्टीपुढं कोण उभा आणि केबिनमध्ये कोण बसलेला, तेवढ्यावरून जात दिसते. म्हणून त्या बोटीतल्या खलाशाला मी मलिक अंबरापेक्षा लवकर ओळखतो. त्याचं चित्र काढायला कुणाचा चेहरा पाहिजे असेल तर चित्रकारानं आमच्या शिफ्टला यावं, घाम कुठून कुठं वाहतो तो बघून घ्यावा.

आणि नाशिकची पोरं. इंग्रजांच्या गस्ती जहाजांनी अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यातली कित्येक नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमात वाढली, सुतारकी-लोहारकी शिकली. आजही नाशिकला शरणपूर रोड आहे, रोज हजारो गाड्या जातात. तिथलाच जेकब वेनराईट. आफ्रिकेत लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा त्याचं प्रेत महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणणाऱ्यांत हा होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत ते पुरताना शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांतही होता. १८७५ ला मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रीअर टाउन वस्ती वसली, तिच्यात ‘नाशिकवाले’ होते. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नाशिकच्या नावानं ओळखली जाणारी काळी माणसं होती. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? आराखड्यात बाई तर एकही नाही. अंबरला मोकळं करणारी बाई होती, फिरंग्यांच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाया होत्या. सगळ्या भिंतीवर मिशाच मिशा.

ह्याहून टोचणारी गोष्ट वेगळीच. मीरा रोडला, नालासोपाऱ्याला नायजेरियातून, आफ्रिकेच्या दुसऱ्या देशांतून आलेली माणसं राहतात. सोसायट्या त्यांना खोली देत नाहीत, दिली तर दुप्पट भाडं. काळा दिसला की ‘ड्रग्जवाला’. आपल्या आडनावावरून खोली नाकारली की आपण पत्रकं काढतो. ह्यांना नाकारली की आपलीच माणसं मान डोलावतात. भिंतीवर काळा माणूस चालतो, शेजारी चालत नाही, असं जर असेल तर चित्राला काय अर्थ? उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरकडं आजही सिद्दी समाज राहतो, कोकणी-मराठी मिसळलेली भाषा बोलतो, जंगलात राबतो. २००३ पासून ते अनुसूचित जमातीत आहेत. शांताराम सिद्दी २०२० ला कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले. त्यांच्यातल्या दोघांना बोलावून आराखडा दाखवायला रेल्वेचं भाडं किती लागतं?

पैशाचं बोलू. वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवलीय, अट एवढीच की खालच्या पट्टीत त्याचं नाव आणि फोटो. मित्र म्हणतात, खालीच तर आहे. जहांगीर पण चित्रात एका बाजूलाच उभा आहे, मधोमध नाही. वस्तीतून दहा-वीस रुपये गोळा करा, वेळ लागला तर लागू द्या. भिंतीच्या मालकाचं संमतीपत्र लेखी घ्या. नाहीतर उद्या स्वच्छतेच्या मोहिमेत तिच्यावर झाडू आणि कमळाची फुलं रंगवून जातील आणि आपण बोंबलत बसू. आराखडा मोठा छापून महिनाभर त्याच भिंतीवर चिकटवा, बाजूला पेन बांधून कोरा कागद ठेवा. शिव्या येतील, त्या वाचा.

आणि घाई करू नका. चौदा एप्रिल गाठायचा म्हणून मार्चमध्ये प्लास्टर करून लगेच रंग मारला तर पहिल्याच पावसात पापुद्रे सुटतील. खाडीची खारी हवा आहे, ह्या भिंतींना लोणा लागतो. आधी जुना रंग खरवडा, प्लास्टर पुरतं वाळू द्या, प्रायमरचे दोन हात मारा. खालचे तीन फूट चित्राशिवाय गडद ठेवा, तिथं पिचकाऱ्या आणि पोस्टरं येणारच. पावसाळा उलटल्यावर सुरुवात केली तर सहा डिसेंबरला चैत्यभूमीहून परतणाऱ्यांना भिंत बघता येईल.

चित्रकार आपलाच पोरगा आहे, दिवसा बोर्ड रंगवतो. मी इतकं सगळं म्हटलं, त्यानं ऐकून घेतलं. हाशिमचं चित्र मोबाईलवर बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, नवीन आराखडा काढतो, पण पहिल्याची मजुरी कोण देणार? समाजाचं काम आहे म्हणून आत्तापर्यंत त्याच्या हातावर कुणी एक पैसा ठेवलेला नाही. वर्गणीच्या वहीत पहिला खर्च तोच लिहा.